तात्यांना हसवायची पाळी

बारामतीत आमच्या कॉलनीच्या बागेत रोज सकाळी सहा वाजता पंधरावीस निवृत्त माणसं गोल करून उभी राहतात आणि कुणी काहीही विनोदी बोललेलं नसताना हसतात. आधी हात वर करून, मग पोटावर ठेवून, मग एकमेकांकडं बोट दाखवून. यातलं शेवटचं तेवढं मला पटतं. या हास्यक्लबाचे म्होरके एक निवृत्त इंजिनिअर आहेत. आयुष्यभर त्यांनी सरकारी पूल बांधले, त्यामुळं हसण्यातही त्यांचा भर मोजमापावर असतो. मला फाटकापाशी गाठून ते सांगतात, "मॅडम, हसण्यानं मनाचे निम्मे आजार पळून जातात." उरलेले निम्मे कुठं राहतात, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. मी गुडघ्यांचं कारण पुढं करते. खरं कारण सांगायचं तर शेळगावापासून सुरुवात करावी लागेल, आणि फिरायला निघालेल्या माणसाला तेवढा वेळ कुठला. म्हणून ते इथं लिहून टाकते.

शेळगावात आमचं घर मळ्यात होतं. पुढं अंगण, डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला विहीर आणि मागं नजर पोचेल तिथवर ऊस. कडेच्या दोन एकरांत वांगी, टोमॅटो, दोडका, जे बाजारात चालेल ते. मी चार वर्षांची असताना आई गेली. मला वाढवलं ते काकीनं, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, तात्यांच्या बायकोनं. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मी त्यांची होते आणि माझ्या वडिलांची, आबांची, फक्त रेशनकार्डावर. घराला जाग यायची ती काकीच्या भाकरी थापायच्या आवाजानं आणि तिच्या बोलण्यानं. काकी भांड्यांशी बोलायची. कालवण ऊतू जायला लागलं की झाकणाला म्हणायची, "गप बस की सटवे, तुला एकटीलाच घाई हाय व्हय?" तवा नीट तापला नाही की त्याच्या आईबापाचा उद्धार व्हायचा. शनिवारी हुलग्याची शेंगोळी असायची, तेव्हा तर लसूण, खलबत्ता, परात असं सगळं कुटुंबच तिच्या बोलण्यात सामील व्हायचं. माणसांशी मात्र ती कामापुरतं बोलायची. आमच्या घरातल्या माणसांपेक्षा भांडी ऐकून घ्यायला बरी होती, हे मला आता कळतं.

आबांशी तर ती बोलतच नव्हती. त्यात भांडण काही नव्हतं. आबा तिचे थोरले दीर, आणि आमच्याकडं थोरल्या दिरापुढं भावजयीनं डोईवर पदर घ्यायचा, समोर यायचं नाही, सरळ बोलायचं नाही, अशी रीत. आबाही तिच्याकडं बघत नसत. काही सांगायचं झालं तर माझ्यामार्फत. काकी तीन हातांवर भाजी निवडत बसलेली असायची आणि आबा भिंतीकडं बघत म्हणायचे, "शालन, काकीला म्हणावं पावणं येणार हायती." काकी मला म्हणायची, "आबास्नी म्हणावं, किती?" दोघांनाही सगळं ऐकू येत असताना मी मध्ये उभं राहून दोन्ही बाजूंचं पुन्हा म्हणून दाखवायचे. एका घरात वीस वर्षं राहून आबांनी काकीचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता, आणि याला आम्ही मान ठेवणं म्हणायचो.

आबांचा दुसरा विषय म्हणजे पाळी. कालव्यातून आमच्या शिवारात पाणी आणणाऱ्या चारीवर शेतकऱ्यांची एक कमिटी होती आणि आबा तिचे अध्यक्ष होते. कुणाच्या रानात किती वाजता पाणी सुटायचं, किती वाजता बंद व्हायचं, याचा कागद ते आखायचे. चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं, त्यांना धो धो पाणी. अगदी शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणायचे, तिथल्या लोकांपर्यंत पाणी पोचायचं ते फक्त आबांच्या कागदावर. आबांची ठाम समजूत होती की जगातला कुठलाही प्रश्न माणसांना पाळ्या लावून दिल्या की सुटतो. कीर्तनाच्या जेवणाला पाळी, गणपतीच्या आरतीला पाळी. म्हाताऱ्या आजीचे पाय चेपायला त्यांनी नातवंडांना पाळ्या लावल्या होत्या, तेव्हा आजी म्हणाली होती, "त्यापरीस पाय नसलेलं बरं."

आणि तात्या. अख्ख्या पंचक्रोशीत तात्यांइतका हसवणारा माणूस नव्हता. इंदापूरच्या तहसील कचेरीतला एक शिपाई ते असा करायचे की बघणाऱ्यांची मुरकुंडी वळायची. तो शिपाई "साहेब मीटिंगला गेल्यात" हे एकच वाक्य सात तऱ्हांनी म्हणायचा. गरिबाला वेगळं, पुढाऱ्याच्या माणसाला वेगळं, आणि शेवटी खुद्द साहेब समोर येऊन उभे राहिले तर त्यांनाही तेच. कारखान्याच्या सभेतला एक सभासदही होता, जो तावातावानं प्रश्न विचारायला उठतो आणि बोलता बोलता व्यासपीठाचे आभार मानून खाली बसतो. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेला माणूस आबांना अक्षता द्यायचा आणि तात्यांना म्हणायचा, "तुमी या म्हंजी झालं." नवरदेव नसता तरी चाललं असतं.

हे तात्या एका सुगीत गप्प झाले. हळूहळू झाले, त्यामुळं नेमका दिवस सांगता येत नाही. आधी शिपाई बंद झाला, मग जेवण कमी झालं, मग दाढी वाढली. दिवसभर ओसरीवर भिंतीला टेकून बसायचे आणि हाक मारली तर जरा वेळानं बघायचे, जणू हाक लांबून आली आहे. गावानं कारण शोधायला सुरुवात केली. कुणी करणी म्हणालं, कुणी साखर वाढली म्हणालं, कुणी मूलबाळ नाही ते आता मनाला लागलं म्हणालं, तेही काकीच्या देखत. एकही कारण धड बसेना, तेव्हा लोकांचा फार विरस झाला. पण त्याहून मोठी तक्रार वेगळी होती. सोपानराव नावाचे आबांचे मित्र होते, चारीच्या कमिटीतले. ते एकदा डोळ्यांत पाणी आणून आबांना म्हणाले, "तात्या असं बसलं तर आमी करमणुकीला जायाचं कुठं?" माणूस आजारी पडल्याचं दुःख आणि सिनेमाचा तंबू उठल्याचं दुःख यांत त्यांना फारसा फरक करता येत नव्हता.

एके दिवशी दुपारी तात्या विहिरीच्या काठावर बराच वेळ उभे दिसले. नुसते उभे. आबांनी हाताला धरून त्यांना आणलं आणि दुसऱ्याच दिवशी इंदापूरहून वेल्डर बोलावून विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. पाणी इंजिनानं वर यायचं, त्यामुळं अडचण काही नव्हती. लोकांना सांगितलं, वासरं पडतात. आमच्याकडचं एकही वासरू कधी पडलेलं नव्हतं. जाळीच्या झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात देऊन आबा भिंतीला म्हणाले, "शालन, ही काकीला दे. म्हणावं जिवापाड जप. तिच्याबगर कुणाचा भरवसा न्हाय." मी तीन पावलं चालून ती किल्ली काकीच्या हातात ठेवली. काकीनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. हे मी पुन्हा सांगते, कारण पुढं लागणार आहे: किल्ली काकीला दिली ती मी.

बारामतीत बाजाराच्या दिवशी पुण्याहून एक मनाचे डॉक्टर यायचे. वेड्यांचे डॉक्टर, असं गाव म्हणायचं, म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नाही. आबा, तात्या आणि मी बाजाराला निघालो आहोत असं दिसावं म्हणून प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. मी तेव्हा बारावीला होते आणि डॉक्टरांचं बोलणं समजायला घरात तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. परत येताना पिशव्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आम्ही वांगी आणि टोमॅटो विकत आणायचो. ज्यांच्या रानातून दर आठवड्याला टेम्पोभर वांगी जात होती, ती माणसं एसटीतून वांगी आणत होती, आणि शेजारची बाई काकीला विचारायची, "बारामतीची वांगी चवीला बरी असत्यात व्हय?" काकी म्हणायची, "व्हय, मऊ असत्यात."

डॉक्टर मोठा सज्जन माणूस होता. त्यानं तात्यांशी अर्धा तास बोलून आम्हाला बोलावलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत, मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत. आणि घरातलं वातावरण जरा हसतंखेळतं ठेवा. पहिली गोष्ट त्यानं तीनदा सांगितली, दुसरी जाता जाता एकदा. आबांनी दुसरी ऐकली. गोळ्यांची गोष्ट गावापासून लपवायची होती. त्या पित्ताच्या म्हणून डब्यात गेल्या आणि रोज तात्यांच्या हातावर ठेवायचं काम काकीकडं. दुसऱ्या गोष्टीत मात्र कामाला वाव होता. त्याच आठवड्यात आबांनी चारीच्या कमिटीची बैठक घेतली आणि तिथं, पाण्याच्या कागदाच्याच पाठीमागं, तात्यांना हसवायच्या पाळ्या आखल्या. रोज संध्याकाळी पाच ते सात. सोमवारी सोपानराव, मंगळवारी शाळेचे गुरुजी, बुधवारी खालच्या आळीचा महादू, असं आठवडाभर. ज्याला पाळीवर यायला जमणार नाही त्यानं बदली माणूस द्यायचा.

आता एवढी पुस्तकं वाचून झाल्यावर सांगते, दुःखी माणसाभोवती इतक्या प्रेमानं रचलेला छळ मी दुसरीकडं पाहिला नाही. सोपानरावांना स्वतःच्या विनोदावर हसू आवरायचं नाही. "येक हुता पाटील," म्हणेपर्यंत ते ठीक असत; पाटील बैलगाडीत बसला की त्यांना उबळ यायची, डोळे पुसत, मांडी थोपटत ते तिथंच संपायचे. तो पाटील बैलगाडीतून कुठं गेला हे शेळगावात आजतागायत कुणाला माहीत नाही. गुरुजी एका मासिकातले विनोद वहीत उतरवून आणायचे आणि प्रत्येक विनोदानंतर त्याचा भावार्थ सांगायचे. "इथं लेखकाला असं सुचवायचं आहे, की नवरा बायकोला भितो." महादूचं तर काय सांगावं. त्याला स्वतःचं काही येत नव्हतं, म्हणून तो तात्यांचेच जुने किस्से तात्यांना सांगायचा, तेही मागचं पुढं आणि पुढचं मागं करून. साहेब सुरुवातीलाच येऊन उभे राहायचे, आणि मग शिपाई म्हणायचा की ते मीटिंगला गेले आहेत.

आणि तात्या हसायचे. माणसं रानातलं काम टाकून आलेली, त्यांचा अपमान कसा करायचा? तात्या मुळात फार भिडस्त. ते तीनदा हं हं हं करायचे, मग मान हलवून खाली बघायचे. कमिटी खूश व्हायची. आबा ओसरीच्या टोकाला बसून बघायचे आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही दिसायचं की त्यांच्यावर रागावताही येत नाही. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना परत पाहिजे होता, आणि त्यांच्या हाताशी हत्यार होतं ते एकच. मी पुढं बसून हसायचे. खरं हसायचे. सतरा वर्षांच्या मुलीला फुकटचा तमाशा रोज दारात, अभ्यासाला सुट्टी, मला कशाला वाईट वाटेल?

या सगळ्या लोकांना चहा लागायचा. हसवणं हे कष्टाचं काम आहे. पाळीवर एक माणूस असला तरी त्याला बघायला दहा-बारा यायचे, त्यांना पोहे, शुक्रवारी भजी, पाव्हणा लांबचा असला तर जेवण. आबांच्या कागदावर सगळ्यांच्या पाळ्या होत्या, चुलीची नव्हती. पहाटेची भाकरी, दुपारी वांगी तोडायच्या बायकांमागं उभं राहणं, दोन वेळा गोठा, तात्यांच्या गोळ्या, आणि पाचच्या ठोक्याला चुलीवर मोठं पातेलं, हे सगळं एकट्या काकीचं. स्वयंपाकघराचं दार ओसरीवरच उघडायचं, त्यामुळं तिला विनोद फुकट ऐकायला मिळतात असंही कुणीतरी म्हणालं. त्या दिवसांत ती भांड्यांशी बोलायची बंद झाली होती. हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त एवढंच जाणवलं होतं की अभ्यासाला घर बरं शांत झालंय. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आमच्या लोकांनी उगाच केलेली नाही.

दोनेक महिन्यांनी एका बुधवारी तात्या महादूवर चिडले. महादू शिपाई करत होता आणि त्यानं पाचवी तऱ्हा तिसरीच्या आधी घेतली. तात्या एकदम म्हणाले, "आरं गाढवा, आधी गरीब, मग पुढारी. उलटं केल्यावर हसू कुठनं येईल?" इतकं लांब वाक्य ते कित्येक आठवड्यांत बोलले नव्हते. ते गोळ्यांनी बोलले होते, हे मला डॉक्टरांनी पुढं सांगितलं. पण श्रेय कमिटीनं घेतलं. आबांना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांनी रविवारी सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण जाहीर केलं आणि मला म्हणाले, "काकीला म्हणावं, पंचवीस पानं हुतील. आन त्या गोळ्या आता बास. हसून बरा झाला माझा भाऊ, गोळ्या कशाला खायच्या उगं?" मी काकीला सांगितलं. ती पंचवीसला "बरं" म्हणाली आणि गोळ्यांनाही "बरं" म्हणाली, एकाच आवाजात.

रविवारी दुपारी ओसरीवर पंगत बसली. काकी पहाटेपासून पुरण वाटत होती. मी मदत केली, म्हणजे लाटण्याशेजारी बसून दुपारी काय घालायचं ते बोलले. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि चहाचं पातेलं चुलीवर चढलं. सोपानराव म्हणाले, "तात्या, हून जाऊ द्या आता. शिपाई." आणि ते स्वतः आधीच हसायला लागले. महादूनं जागा करून दिली. तात्या उठले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, बारीक झालेले पण उभे. सगळे तोंड उघडून तयार. तात्यांनी शिपायासारखा पाय दुमडला, आणि तेवढ्यात जळक्या दुधाचा वास आला.

स्वयंपाकघराच्या दारातून चूल दिसत होती. चहा ऊतू जाऊन पातेल्यावरून विस्तवात पडत होता, धूर होत होता, आणि काकी हातभर अंतरावर, हातात ओगराळं घेऊन, त्याच्याकडं बघत उभी होती. झाकण सरकवत नव्हती, पातेलं उतरवत नव्हती. आबा भिंतीला म्हणाले, "शालन, काकीला म्हणावं च्या ऊतू चाललाय." गुरुजी म्हणाले, "वहिनींचंही लक्ष शिपायाकडं लागलेलं आहे, असा याचा अर्थ." पंगत हसली. काकीनं वर पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि तीही हसली. हं हं हं. मग मान हलवून खाली बघितलं.

तात्यांचा दुमडलेला पाय खाली आला. ते म्हणाले, "हे हसू माझं हाय."

सगळे हसले. त्यांना वाटलं सुरू झालं.

"न्हाय, खरं सांगतोय. तीनदा हसायचं आन मग खाली बघायचं. दोन महिनं तुमच्याम्होरं मी हेच हसतोय. मी घडवलंय ते. हिला कुठनं गावलं?"

सोपानराव आडवे झाले. महादूनं मांडीवर थाप मारली. तात्या म्हणाले, "हिला दवाखान्यात न्यायला पायजे," आणि त्यावर तर टाळ्या पडल्या. इतकी वर्षं त्यांनी लोकांना हसवलं होतं, की आता त्यांनी काहीही म्हटलं तरी लोकांना दुसरं काही येत नव्हतं. मीही हसले. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग हे सगळं लिहिण्यात अर्थ नव्हता.

तात्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पंगतीतून वाट काढत स्वयंपाकघरात गेले. बाहेर माणसं बसलेली असताना आमच्याकडं पुरुष चुलीपाशी जात नसत, म्हणून त्यावरही हशा झाला. त्यांनी उपरण्यानं धरून पातेलं खाली उतरवलं. मग काकीला म्हणाले, "सुमे, किल्ली कुठं हाय?"

"कसली?"

"हिरीची."

हसणं तिथं थांबलं. सगळ्यांचं एकदम नाही. सोपानरावांचं जरा उशिरा थांबलं. काकीनं पदराचं टोक पुढं घेतलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, बराच वेळ लागला. शेवटी किल्ली तिच्या तळहातावर आली. ते कुलूप बसवल्यापासून कुणी उघडलेलं नव्हतं, पावसापाण्यानं तांबूस झालं होतं. किल्ली मात्र लखलखीत होती. रोज, दिवसभर, बोटांत घासून घासून तिचे दातसुद्धा गुळगुळीत झाले होते.

"उघडलं न्हाय हो मी," काकी म्हणाली. "देवाशपथ न्हाय. नुसती हातात धरत हुते."

आबा उठले. दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भिंतीकडं न बघता काकीकडं बघितलं. मला मध्ये घेतलं नाही. म्हणाले, "सुमन, बस बाई. उभी ऱ्हाऊ नगंस." काकी चुलीपाशीच खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. तात्या शेजारी बसले. त्यांनी तिला हसवलं नाही. ओसरीवर कमिटीनं आपापल्या पत्रावळ्या उचलल्या आणि पाण्याचे तांब्या-पेले स्वतः नळावर नेऊन विसळले. चारीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, आणि माझ्या माहितीत शेवटचंही. सगळे गेल्यावर तात्या आबांना एवढंच म्हणाले, "आबा, तुमचा कागद चांगला हुता. टेलला कोन बसलंय त्येवढं बघायचं ऱ्हायलं."

पुढच्या बाजाराला चार पिशव्या निघाल्या. डॉक्टरांनी काकीला विचारलं, "तुम्हाला काय होतंय?" ती म्हणाली, "मला काय न्हाय, आजारी हे हायती." तात्या म्हणाले, "साहेब, ही मीटिंगला गेलीया. परत आणा." डॉक्टरांना या वाक्यामागचं काही माहीत नव्हतं, पण काकी हसली. एकदाच, आणि खाली न बघता. नंतर डॉक्टरांनी हसतंखेळतं ठेवलं म्हणजे नेमकं काय केलंत ते विचारलं आणि आबांनी अभिमान आणि लाज यांच्या मधल्या आवाजात पाळ्यांचा कागद दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, यापुढं मी फक्त गोळ्या लिहून देईन, बोलणार काही नाही.

तात्यांच्या गोळ्या पुन्हा चालू झाल्या, काकीच्या नव्यानं सुरू झाल्या, आणि आता डब्यावर पित्त असं कुणी म्हणालं नाही. गावाला कळलं. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आबा म्हणाले आणि चुलीसाठी एक बाई ठेवली. तात्यांचा आजार पुढंही दोनदा आला आणि गेला. ते पुन्हा हसवायला लागले, पण कुणी "हून जाऊ द्या" म्हटलं की उठून जायचे. काकीला वेळ लागला. एका सकाळी मी अंथरुणात असताना चुलीकडून आवाज आला, "बस की गप, सटवे, कवाधरनं थयथयाट लावलायस." झाकणाला बोलत होती. मी पांघरुणात तोंड घालून रडले, आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून खोकल्याचं सोंग केलं. किल्ली आबांनी स्वतःकडं घेतली. ते गेले तेव्हा त्यांना न्हाऊ घालताना करदोट्याला ती सापडली. जाळीचं कुलूप तोवर गंजून एकजीव झालेलं होतं, किल्लीनं उघडलंच नसतं.

परवा हास्यक्लबाचा वर्धापनदिन झाला. इंजिनिअरसाहेबांनी इतका आग्रह केला की गुडघे उपयोगाला आले नाहीत. मंडप होता, फुगे होते, पाहुण्यांनी हसण्याचे फायदे एकापाठोपाठ एक वाचून दाखवले आणि मग सगळ्यांनी मिळून हास्याचे प्रकार करून दाखवले. मला पुढची खुर्ची दिली होती. मी उठून मंडपाच्या मागं गेले. तिथं एक पस्तीस-चाळिशीची बाई गॅसवर साठ माणसांचा चहा ढवळत होती. पुढून हा हा हो हो चाललं होतं. मी विचारलं, "काय गं, कशी हायस?"

"मजेत की, मॅडम," ती म्हणाली आणि हसली. हं हं हं. आणि खाली बघितलं.

मी गॅस बारीक केला, मंडपातून एक खुर्ची ओढून आणली आणि तिच्यापाशी बसले.